तिसरा रकाना

आमच्या घरी रेडिओ आला त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि घरात बोलायला माणूस म्हणाल तर एकटे मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे खंडव्याला रेल्वेच्या कचेरीत कारकून. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. बाकीचे दिवस बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या, पुढचा ओटा, आणि सून नि सासरा. त्या काळी सुनेनं सासऱ्याशी बोलायचं म्हणजे दाराआडून, तेही कामापुरतं. मला ते जमलं नाही. मुळात माझी जीभ लांब, आणि मामंजी शाळामास्तर. समोरचं माणूस गप्प बसलं की त्यांना वाटायचं, याला धडा कळलेला नाही.

रेडिओ त्यांनी विकत घेतला नव्हता. जिनिंग फॅक्टरीतल्या एका इंजिनिअर साहेबाला ते मराठी शिकवायचे. लढाई सुरू झाली, साहेबाची बदली झाली, आणि एवढं धूड कुठं न्यायचं म्हणून त्यानं लायसन मामंजींच्या नावावर करून दिलं. लाकडी पेटी, समोर जाळीचं कापड, खाली तीन खुंट्या. गल्लीत वीज नव्हती, म्हणून सोबत मोटारीला असते तसली एक जड बॅटरी. ती दर पंधरवड्याला हातगाडीवर घालून फॅक्टरीत भरायला जायची. रेडिओची एक तार मागच्या अंगणात तांब्याच्या पत्र्याला बांधून जमिनीत पुरली होती. तिथली माती ओली राहिली तर आवाज चांगला येतो, असं साहेब सांगून गेला होता, आणि ती ओली ठेवायचं काम माझ्याकडे आलं. रोज दोन तांबे पाणी. शेजारणी म्हणायच्या, मास्तरांची सून तुळशीच्या आधी रेडिओला पाणी घालते. खरंच घालत असे.

दुसरी तार छपरावर. ती समोरच्या तारवाले काकांनी दिली होती. बऱ्हाणपुरात जरीसाठी तार ओढणारी जी घरं होती त्यांतलं एक त्यांचं. धातूची कांडी पोलादी पट्टीतल्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढत न्यायची, ती केसाएवढी होईपर्यंत. काकांच्या तारेला मोठं नाव होतं. मामंजींनी त्यांच्याकडे साधी जाड तांब्याची तार मागितली तर काका रागावलेच.

"जाडी तार म्हशी बांधाले असते, मास्तर. इतक्या दुरून आवाज येनार, तो काय जाडजूड येनार हाय का? बारीक आवाजाले तार बी बारीकच पाहिजे."

मामंजींनी त्यांना पाटी घेऊन समजावलं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मनासारखी, जरीत घालायची असते तसली, सोनेरी मुलाम्याची बारीक तार ओढून आणली. स्वतः छपरावर चढून दोन बांबूंच्या मधे बांधली. उन्हात ती अशी चमकायची की खालून जाणारा माणूस मान वर करून बघायचा. आवाजही आला, त्यामुळे काकांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं. फक्त ती टिकायची नाही. वाऱ्यानं तुटायची, वानरं उडी मारून गेली की तुटायची, एकदा तर नुसता कावळा बसला म्हणून तुटली. तुटली की काका हातातलं काम टाकून शिडी लावायचे. जाड तार बांधू, असं मामंजी दर वेळी सुचवायचे आणि काका दर वेळी बारीकच बांधायचे. गल्लीतली माणसं हसायची, मीही हसायचे.

काकांचा एकुलता एक मुलगा फौजेत मोटार चालवत होता. पूर्वेकडचं मोठं बंदर शत्रूच्या हातात पडलं तेव्हा तो तिथं होता. त्यानंतर एक सरकारी कागद आला, त्यात एवढंच होतं की तो बेपत्ता आहे. रेडिओच्या तारेसाठी काका एवढे का झटतात हे त्यानंतर कोणाला विचारावं लागलं नाही.

आता त्या पेटीतून काय यायचं ते सांगते. दिवसा खरखर. ऊन तापीपलीकडे उतरायला लागलं की शॉर्ट वेव्हवर लांबची केंद्रं एकेक जागी व्हायची. पहिलं आपलं सरकारी केंद्र. तिथं सगळं नेहमी ठाकठीक असायचं. फौज मागे हटली तरी ती ठरवूनच हटलेली असायची. दुसरं शत्रूकडचं. तिथून एक माणूस उत्तम हिंदुस्तानीत रोज राजकारणावर भाषण ठोकायचा आणि आम्हाला आमच्या गुलामीची अशी काळजी वाहून दाखवायचा की जणू आमचा सख्खा चुलतभाऊ. पण त्या भाषणाच्या शेवटी तो एक यादी वाचायचा. त्यांच्या कैदेत असलेल्या हिंदी शिपायांची नावं, बापाचं नाव, गाव. दहा, कधी पंधरा नावं. तीच यादी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायची आणि मग नवी. त्या यादीसाठी लोक ते अख्खं भाषण सोसायचे.

आणि तिसरा आवाज. तो कुणाचाच नव्हता. आपल्याच देशात कुठेतरी लपवलेल्या यंत्रावरून यायचा. ना सुरुवातीला गाणं, ना केंद्राचं नाव. तो सरकारला झोडपायचा, पण शत्रूचीही भलामण करायचा नाही. एक मालक जाऊन दुसरा आला तर आपण काय मिळवलं, असं विचारायचा. स्वतःच्या चळवळीतल्या लोकांनाही सोडायचा नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगायचा. मला तर याचंच सगळ्यात नवल वाटे, कारण तोवर मी असं म्हणणारा पुरुष पाहिला नव्हता. आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर एक म्हातारा आवाज असायचा. हा म्हातारा त्याच्या प्रत्येक मुद्द्याला आडवा जायचा. दोघं भांडायचे, पण एकमेकांचं वाक्य पुरं होऊ द्यायचे. एक बाई कुठून कुठून हातोहात आलेले लोकांचे प्रश्न वाचायची. एकदा तर शत्रूच्या केंद्रावरच्या त्या गोड बोलणाऱ्याची सगळी बडबड या तिघांनी एकेक वाक्य घेऊन तपासली आणि त्यात दोन गोष्टी खऱ्या निघाल्या तर त्या खऱ्या आहेत असंही सांगितलं. मी पुढे आयुष्यभर राजकारणाच्या चर्चा ऐकल्या, सवयच लागली होती. उजळ दिव्याखाली, कुणाची भीती नसताना बसलेले लोक त्या तिघांच्या निम्म्यानंही खरं बोलले नाहीत. ते तिघं अटकेच्या छायेत बोलत होते आणि त्यांचा आवाज चढत नव्हता. त्यांच्याविषयी मला जो आदर वाटला तो आजही तेवढाच आहे.

मामंजींची दृष्टी कमी झाली होती, म्हणून टिपून घ्यायचं काम माझं. माझी मराठी सातवी झाली होती आणि हात झरझर चालायचा. मामंजींनी त्यासाठी एक जाड वही घातली. प्रत्येक पानावर पट्टीनं चार रकाने. पहिल्यावर लिहिलेलं 'सरकारी', दुसऱ्यावर 'परके', तिसऱ्यावर 'तिसरा', आणि चौथ्यावर 'आपण'. पहिले तीन मी त्याच दिवशी भरायचे. चौथा आठ दिवस कोरा ठेवायचा. आठ दिवसांनी ते पान पुन्हा वाचायचं, खरं काय निघालं ते बघायचं आणि मगच मामंजी त्यात स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहायचे. मला हा सगळा कारभार फार चेंगट वाटे. मी म्हणायचे, "मामंजी, ऐकल्या ऐकल्या कळतंच की कोण लबाड आहे ते." ते म्हणायचे, "कळतं ना, मग आठ दिवसांनीही कळेल. पळून जातंय का?"

तिसरा आवाज चार-पाच महिने टिकला. दर थोड्या दिवसांनी जागा बदलायचा आणि मामंजी खुंटी केसभर केसभर फिरवत त्याला पुन्हा शोधून काढायचे. एका संध्याकाळी म्हातारा बोलत असताना मधेच धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज आला, बाई काहीतरी ओरडली, आणि पुढे नुसती खरखर. आम्ही त्यानंतर महिनाभर रोज शोधलं. मला रडू आलं होतं. ज्यांचे चेहरे माहीत नाहीत त्यांच्यासाठी मी ते पहिल्यांदा रडले. मामंजी तरीही रोज चार रकाने आखायचे. तिसरा कोरा राहायचा.

मग त्यांनी एक गोष्ट सुरू केली. दिवेलागणीच्या आधी ओट्यावर बसायचं आणि येईल त्याला वहीतून वाचून दाखवायचं. सरकारी काय म्हणतं, परके काय म्हणतात. मग चष्मा काढून म्हणायचे, "बोला आता. तिसरा उरला नाही, तेव्हा त्याचं काम आपल्याला करावं लागणार." विणकर यायचे, कापसाचे दलाल यायचे, फोपनारचे दोन शेतकरी कधी कापूस घालून परतताना गाडी थांबवून बसायचे. सुरुवातीला सगळ्यांना वाटे, मास्तर स्वतःचं मत सांगतील आणि आपण माना हलवू. मामंजी मत सांगायचेच नाहीत. "माझं मत आठ दिवसांनी," म्हणायचे. समोरच्या दारातून ऐकणाऱ्या तारवाल्या काकूंनाही विचारायचे, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" काकू पदर तोंडाला लावून आत पळायच्या. महिन्याभरानं मात्र त्यांनी दारातूनच उत्तर दिलं, "दोघेबी आपापल्या पोराइले लपवून दुसऱ्याइचे पोरं पुढे करतात, मास्तर. मले तं एवढंच समजते." मामंजींनी मला ते वाक्य वहीत लिहायला सांगितलं.

याच ओट्यावर त्यांच्या हातून एक चूक झाली. परक्यांच्या यादीत फोपनारचं एक नाव आलं. नाव आणि गाव ऐकू आलं, बापाचं नाव खरखरीत गेलं. मामंजींनी त्याच दिवशी निरोप पाठवला, त्या घरानं गूळ वाटला. पंधरा दिवसांनी सरकारी तार आली की तो मुलगा लढाईत पडला. यादीतला त्याच नावाचा, पण दुसऱ्या फोपनारचा, कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला निघाला. मामंजी पायी फोपनारला गेले. त्या बापापुढे हात जोडून काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यानंतर नियम झाला की नाव दोनदा ऐकायचं, बापासकट ऐकायचं, तोवर तोंडातून काढायचं नाही.

आणि थोड्याच दिवसांत ठाण्यावरून बोलावणं आलं. कोणीतरी कळवलं होतं. स्वतःच्या घरात कान लावून बसा, त्याला कोणी हरकत घेत नव्हतं. परक्यांचं बोलणं चारचौघांत ऐकवणं आणि पसरवणं हा गुन्हा होता. दरोगा भला माणूस, त्याची मुलं मामंजींच्या शाळेत. त्यानं एक कागद पुढे केला आणि मामंजींनी लिहून दिलं की परक्या केंद्रावरचं एक अक्षरही मी यापुढे कोणाला सांगणार नाही. सांगितलं तर रेडिओ जप्त आणि नोकरीबद्दल वर लिहिलं जाणार. ओटा बंद झाला. मी विचारलं, "आणि काकांच्या मुलाचं नाव आलं तर?" मामंजी म्हणाले, "आलं तर बघू." त्यांच्या तोंडी असलं मोघम उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

काकूंनी विचारणं सोडलं. त्या फक्त संध्याकाळी दारात उभ्या राहायच्या आणि मी अंगणातल्या पत्र्याला पाणी घालून आले की माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी मान हलवायचे, नाही म्हणून. ते मान हलवणं कागदात बसतं की नाही, हे मी मामंजींना मुद्दामच विचारलं नाही.

उन्हाळ्यात, एका मंगळवारी, नाव आलं. मी पेन्सिल घेऊन बसले होते. परक्यांचं भाषण झालं, यादी सुरू झाली आणि सहाव्या नावाला माझी पेन्सिल थांबली. त्याचंच नाव. मग खरखर. मग स्पष्ट, बऱ्हाणपूर. बापाचं नाव गेलं.

मी उठलेच. मामंजी म्हणाले, "बस."

"मामंजी, बऱ्हाणपूर म्हणाला तो!"

"या नावाची बऱ्हाणपुरात निदान दहा मुलं असतील. उद्या पुन्हा वाचतील."

"पण त्या बाईला..."

"फोपनारला मी गेलो होतो," ते म्हणाले, "तू नव्हतीस."

मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी पाणी घालायला अंगणात गेले ती पुढच्या दारी आलेच नाही, कारण काकूंकडे बघून मान कशी हलवायची ते मला कळेना. बुधवारचा अख्खा दिवस मी मामंजींशी बोलले नाही. त्यांना भाकरी वाढली, ताक वाढलं, पण बोलले नाही. माझ्या मते तो माणूस दगड झाला होता. काकू दुपारी कैरीचं लोणचं घेऊन आल्या. त्यांनी बरणी ठेवली, मी आभारसुद्धा धड मानले नाहीत. "बाई, कोनावर रागावल्या?" म्हणाल्या. मी म्हटलं, ऊन लागलंय.

आणि बुधवारी, ऊन उतरायच्या वेळी, तार तुटली.

वारा होता. मामंजी खुंटी फिरवत होते, भाषण नीट येत होतं, आणि एकदम सगळं विझल्यासारखं झालं. मी बाहेर धावले. सोनेरी तार छपराच्या कौलांवर लोंबत होती. मी समोरच्या दाराशी जाऊन हाक मारली. खरं म्हणजे हाक मारायचीही गरज नव्हती. काका शिडी उचलून बाहेर आलेच होते.

"जोडायला वेळ नाही, काका. यादीची वेळ झाली," मी म्हटलं.

"मंग मी हातात धरतो," काका म्हणाले आणि चढले.

ते चित्र मी विसरू शकत नाही. म्हातारा माणूस कौलांवर बसलेला, दोन्ही हात वर ताणून तारेची दोन टोकं एकमेकांवर दाबून धरलेली. खाली आवाज पुन्हा सुरू झाला. वरून काकांनी विचारलं, "लागलं का, मास्तर?" मामंजींनी मोठ्यानं सांगितलं, "लागलं. हलू नका."

पहिलं नाव, दुसरं, तिसरं. मी लिहीत होते आणि माझं अक्षर मलाच वाचता येत नव्हतं. सहावं नाव आलं. मुलाचं नाव, आणि पाठोपाठ, खणखणीत, वर छपरावर बसलेल्या माणसाचं नाव, आणि बऱ्हाणपूर. ज्याच्या हातांतून ते आलं त्यालाच ते ऐकू गेलं नव्हतं.

मामंजींनी यादी संपेपर्यंत ऐकलं. मग रेडिओ बंद केला. खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, टोपी घातली.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"ठाण्यावर. मी लिहून दिलंय. ते मोडायचं तर आधी सांगून मोडलं पाहिजे. त्यांना खाली उतरव, पाणी दे. काही सांगू नकोस. मी आलोच."

"आधी त्यांना सांगा आणि मग जा!"

ते थांबले, त्यांना राग आला नव्हता. "ज्याला शब्द दिला त्याला आधी," म्हणाले आणि गेले. पाठमोरे जाताना त्यांच्या कोटाची एक बाजू आत दुमडलेली होती आणि ते नेहमीपेक्षा भराभर चालत होते. त्यांना घरातल्या घरात दार लावून कुजबुजता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. हे ठाण्यावर दरोगानंही त्यांना सांगितलं, ते मला नंतर कळलं. "मास्टरजी, आप चुपचाप बता देते, हमें क्या पता चलता?" मामंजी म्हणाले होते, "मुझे पता चलता."

इकडे काका खाली उतरले. बोटं तारेनं कापली होती, ती त्यांनी धोतराला पुसली. पाण्याचा तांब्या घेतला. प्यायले नाहीत.

"लागलं ना बरोबर?"

"लागलं, काका."

"आमच्या पोऱ्याचं..." असं म्हणाले आणि तिथंच त्यांनी स्वतःचं तोंड हातानं दाबलं. "नको, बाई. नको सांगू. मास्तरनं लिहून देल्लं हाय. मी नाही विचारत. मी नाही विचारत तुले."

मी किती वेळ टिकले म्हणता? तेवढ्यात काकू दारात आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि रोज नाही म्हणून हलवायचे ती मान मी हो म्हणून हलवली. मग सगळंच सांगितलं. नाव, बापाचं नाव, गाव, दोनदा वाचलं ते. मी काही लिहून दिलेलं नव्हतं. काकू ओट्याच्या पायरीवर खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी पायरीच चाचपायला लागल्या. काका उभेच. "जिता हाय," एवढंच दोनदा म्हणाले.

मग मी भानावर आले. मामंजी तिकडे यासाठी रेडिओ आणि नोकरी पणाला लावून बसले असणार, आणि मी इथं फुकटात सांगून मोकळी झाले होते. मी काकूंचे हात धरले. म्हटलं, मामंजी येतील, सांगतील, तेव्हा तुम्हाला काही ठाऊक नाही असं दाखवा. त्यांचं सांगणं वाया जाऊ देऊ नका. दोघांनी मान डोलावली. काकूंनी तोंड धुतलं. काका ओट्यावर भिंतीला टेकून इतके ताठ बसले की मला वाटलं, आत्ता सगळं फुटणार.

पाऊण तासानं मामंजी आले. मागे एक शिपाई, आणि त्याच्या मागे तीच हातगाडी, जी आमची बॅटरी न्यायची. मामंजी काकांसमोर उभे राहिले, टोपी नीट केली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं: सरकारी केंद्रावर काही नाही, परक्या केंद्रावर काल आणि आज, दोनदा, तुमच्या मुलाचं नाव आलं, आज तुमच्या नावासकट, परके खोटं बोलतात, पण अशा यादीत बापाचं नाव खोटं घालून त्यांना काही मिळायचं नाही. "माझ्या मते तो आहे," ते म्हणाले. आठ दिवस न थांबता त्यांनी मत दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

काका ताठच होते. काकू मात्र पुन्हा रडल्या, अगदी पहिल्यासारख्या, आणि त्यात सोंग काही नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शिपायानं रेडिओ गाडीवर ठेवला आणि वर चादर घातली.

पुढचं थोडक्यात. मामंजींची बदली निंबोल्याच्या शाळेत झाली. म्हातारपणी ते रोज तेवढ्या लांब जाऊ शकेनात म्हणून तिथंच एक खोली घेऊन राहिले आणि मी खंडव्याला यांच्याकडे गेले. लढाई संपल्यावर काकांचा मुलगा परत आला. हाडाची काडी झालेला, पण आला. तो स्टेशनवरून थेट निंबोल्याला गेला आणि मगच घरी. काकांनी आमच्या छपरावर पुन्हा तार बांधली, रेडिओ नसताना. बारीकच बांधली.

मुलगा परत आल्यावरही मी मामंजींना कधी सांगितलं नाही की त्यांच्या आधी मी सांगून बसले होते. सांगितलं असतं तर त्यांचं जाणं फुकट गेलं असं त्यांना वाटलं असतं, ही माझी समजूत. दरवर्षी त्यांना भेटले की जिभेवर यायचं आणि मी गिळायचे. एवढी लांब जीभ माझी, पण तिथं आखूड पडली. ते गेले तेव्हाही ती गोष्ट माझ्यापाशीच राहिली.

तेरावं झाल्यावर मी त्यांची ट्रंक उघडली. पुस्तकं, दोन कोट, आणि तळाशी वही. शेवटचं भरलेलं पान त्या बुधवारचं. पहिल्या रकान्यात माझ्या अक्षरात 'काही नाही'. दुसऱ्यात ती यादी, वाचता न येणारी. तिसरा रकाना तो आवाज बंद पडल्यापासून प्रत्येक पानावर कोरा होता. या पानावर त्यात मामंजींच्या अक्षरात एक ओळ होती: 'सूनबाईंनी माझ्या आधी सांगितले. वहिनींचे डोळे मी येण्यापूर्वीच सुजलेले होते.'

चौथ्यात, आठ दिवसांनंतरची तारीख घालून, त्यांनी लिहिलं होतं: 'सूनबाईंचे बरोबर. मला पाऊण तास लागला. त्या आईला तेवढे थांबवणे चूक होते.'